अक्षता हवेत असताना

आमच्या घरात लग्नाच्या फोटोची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हायची. अक्षता हवेत आहेत का? नवरी हसली की रडली, नवरदेवाचा फेटा सरळ की वाकडा, हे सगळं नंतर. अक्षता हवेत दिसल्या तर तो फोटो. जमिनीवर पडलेल्या दिसल्या तर माझे वडील म्हणायचे, "कागद खराब केला." आमच्याकडच्या अक्षता म्हणजे हळद-कुंकवात रंगवलेली ज्वारी. गोल, वजनदार दाणा. टाकला की भर्रकन येतो आणि खाली बसतो, तांदळासारखा रेंगाळत नाही. तांदूळवाल्या मुलखातल्या फोटोग्राफरांना आमची अडचण कळायची नाही, असं मी अजूनही तोऱ्यात सांगते.

हा तोरा वडिलांकडूनच आलेला. त्यांना आम्ही नाना म्हणायचो, आणि परतूरकडचं आमचं अख्खं आष्टी गावही नानाच म्हणायचं. घर शेतकऱ्याचं. थोरल्या भावांनी जमीन सांभाळली आणि 'ह्याचं औताकडं ध्यान न्हाई' म्हणून धाकट्याला मोकळं सोडलं. नानांनी त्या मोकळीकीचं सोनं केलं. एक्क्याऐंशी साली त्यांनी आष्टीच्या बाजारगल्लीत पत्र्याच्या खोलीत फोटो स्टुडिओ टाकला. पुढं पडदा, मागं अंधारखोली. पडद्यावर धबधबा आणि ताजमहाल शेजारी शेजारी रंगवलेले होते, कारण पेंटरला दोन्ही येत होते आणि नानांना एकाला नाही म्हणणं जमलं नाही. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यातली माणसं यायची, तेल लावून भांग पाडायची आणि पोलिसानं धरल्यासारखी उभी राहायची. नाना काळ्या कापडाआडून ओरडायचे, "जरा हसा की, तुमचाच फोटो हाय!"

मी शाळेत होते तेव्हाच अंधारखोलीत शिरले. रीळ धुवायचं, कागद पाण्यात हलवायचा, चेहरा हळूहळू वर येताना बघायचा. यासारखी मजा मला पुढं कशातच आली नाही. चुलतीनं एकदा नानांना सुनावलं, "पोरीच्या जातीला अंधारात कशाला नेऊन राह्यलात?" नाना म्हणाले, "अंधारात पोरगा कोन आन् पोरगी कोन, रिळाला काय कळतंय?"

नानांची लग्नाची एक रीत होती आणि ती त्यांची स्वतःची होती. ते म्हणायचे, अक्षतेचा फोटो डोळ्यानं काढायचा नसतो, कानानं काढायचा असतो. डोळ्याला अक्षता दिसेपर्यंत थांबलं की त्या पडल्याच म्हणून समजायचं. मंगलाष्टकं म्हणणारा शेवटी 'सावधान' म्हणतो, त्यातल्या 'धा'वर बटण दाबायचं. तोवर शेकडो मुठी उघडलेल्या असतात आणि दाणे नवरा-नवरीच्या डोक्यावर येऊन पोचलेले असतात. अंतरपाट खाली गेल्यावरच्या शेवटच्या 'सावधान'ला संधी एकच. फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत वरात निघायची वेळ होते, असं ते चेष्टेनं म्हणत. मला शिकवताना त्यांनी अंगणात रिकामा कॅमेरा माझ्या हातात दिला, स्वतः 'शुभमंगल सावधान' म्हणायचे आणि मुठीनं ज्वारी उडवायचे. आई ओरडायची की खायची ज्वारी मातीत घालून राह्यलेत बापलेक. त्या उन्हाळ्यात आमच्या कोंबड्या फार सुखात होत्या.

मग माझं लग्न झालं आणि मी बदनापूरला आले. नवरा शेतीच्या संशोधन केंद्रात नोकरीला. भला माणूस. लग्नानंतर वर्षभर माझी चुळबुळ पाहिली आणि एके दिवशी घराची पुढची खोली मोकळी करून म्हणाला, "टाक तुझं दुकान." पासपोर्ट फोटो, बारशी, डोहाळजेवणं अशी कामं मिळायला लागली. गल्लीत राजस्थानातून पिढ्यांमागं आलेली व्यापारी घरं होती. तिथल्या सुना डोक्यावरचा पदर माझ्याच कॅमेऱ्यापुढं मागं सारायच्या, आणि मग त्यांच्या सासवाही लाडात येऊन पुन्हा पुन्हा फोटो काढून घ्यायच्या. बाईमाणसाचा स्टुडिओ चालणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं अशी आपोआप बंद झाली. लग्नांचा गर्दीचा धंदा मात्र नानांचाच. आष्टीकडच्या गावांत मी त्यांची मदतनीस म्हणूनच जायचे, आणि त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही.

दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांत चित्र पालटलं. रीळ महाग आणि जुनाट वाटायला लागलं. लोक 'कॉम्प्युटरचे फोटो' मागायला लागले. माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता. त्यानं दिवाळीला नानांसाठी चांदीसारखा चकचकीत छोटा डिजिटल कॅमेरा आणला. खिशात मावणारा. पोरानं इतक्या हौसेनं आणलेला, म्हणून नानांनी तो देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वापरायला काढला. स्टुडिओतले बसलेल्या माणसांचे फोटो त्याच्यावर झकास यायचे. नाना खूश होते.

पुढच्या लग्नसराईत परतूरकडच्या एका लग्नाला ते हाच कॅमेरा घेऊन गेले. पाहुण्यांनी "दाखवा, दाखवा" म्हणून गराडा घालू नये म्हणून त्यांनी मागच्या छोट्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. खरं कारण वेगळं होतं. रीळ संपेपर्यंत कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात होती. काम चालू असताना फोटो बघणं त्यांना अशुभच वाटायचं. मंगलाष्टकं झाली, शेवटचं 'सावधान' झालं, नानांनी 'धा'वर बटण दाबलं, फ्लॅश चमकला, दाणे हवेत होते. त्यांनी समाधानानं कॅमेरा खाली घेतला.

फोटो छापून आले तेव्हा त्यात अक्षता नव्हत्या. नवरा-नवरीच्या केसांत अडकलेले दाणे, मांडवभर सांडलेले दाणे, आणि फोटो वाकडा, अर्ध्यातून कापलेला. हार घालतानाचे फोटोही तसेच. हार गळ्यात पडून गेलेला, हात खाली आलेले. लग्नघरच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर बोलत नाहीत, पाठीमागं बोलतात. ते आठवडी बाजारात बोललं गेलं आणि बाजारातलं बोलणं आष्टीत पोचायला वेळ लागत नाही. "नानाचा हात गेला."

वाईट याचं वाटलं की नानांनी ते खरं मानलं. भांडले असते, कॅमेऱ्याला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते गप्प झाले. भावाला काही कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं, कारण त्यानं मनाला लावून घेतलं असतं. स्टुडिओ उघडायचा, पासपोर्ट फोटो निघायचे, पण लग्नाचं काम आलं की नाना म्हणायचे, "दुसरीकडं बघा."

तेवढ्यात एक लग्न आलं ज्याला नाही म्हणणं त्यांना सगळ्यात जड गेलं असणार. नानांनी स्टुडिओ टाकल्यावर काढलेलं पहिलं लग्न आष्टीजवळच्या एका शेतकरी घरातलं. आमच्या भागात भटजी आणि न्हावी जसे घराचे ठरलेले असतात, तसा पुढं फोटोग्राफरही घराचा होऊन जातो. त्या जोडप्याच्या लेकीचं लग्न ठरलं. तिचे वडील स्वतः स्टुडिओत आले. "नाना, फोटो तुमीच काढायचे. फक्त पोरगी म्हन्ती कॉम्प्युटरवाले पायजेत." नानांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "जालन्याहून कुनी तरी बोलवा. माझ्याच्यानं आता होत न्हाई."

आईनं दुपारी मला फोन केला. "बाई, तुझा बाप धड जेवून न्हाई राह्यला. येऊन बघ जरा."

मी गेले. नानांना काही विचारलं नाही, कारण विचारून ते सांगणारे नव्हते. ते बाहेर गेल्यावर परतूरच्या लग्नाच्या फोटोंच्या जादा प्रती कपाटातून काढून चटईवर पसरल्या आणि एकामागून एक बघत बसले. मी या माणसाच्या हाताखाली वाढलेली. त्यांचे चांगले फोटो मला पाठ होते आणि फसलेलेही. बघता बघता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली आणि मी ताठ बसले. ज्याचा हात जातो तो कधी आधी दाबतो, कधी उशिरा, कधी बराबर. या फोटोंत तसं नव्हतं. हाराचा, अक्षतेचा, ओवाळण्याचा, प्रत्येक फोटो उशिरा होता आणि सारखाच उशिरा होता. माणसाच्या हाताला इतकी सारखी चूक करताच येत नाही. अशी चूक यंत्र करतं.

मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही. बाजारातल्या त्या रिकामटेकड्यांचा, त्या चकचकीत डब्याचा, आणि सगळ्यात जास्त नानांचा. इतकी वर्षं कामावर ठाम असलेला माणूस स्वतःला चूक मानायला इतक्या जल्दी तयार कसा होतो? पण नुसतं "नाना, तुमचा हात ठीक आहे" म्हटलं असतं तर त्यांना ती लेकीची समजूत वाटली असती. दाखवावं लागणार होतं.

मी आधी नवरीच्या वडिलांना गाठलं. "काका, फोटोग्राफर ठरवू नका. थोडं थांबा." ते म्हणाले, "बाजारापर्यंत थांबतो बाई. त्याच्या पुढं पोरगी ऐकायची न्हाई." मग नानांना म्हटलं, "मला डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, मोठा, लेन्सवाला. मला एकटीला जमणार न्हाई, तुम्ही चला." हे अर्धं खरं होतं. कॅमेरा मला घ्यायचाच होता, त्यासाठी मी पैसे बाजूला टाकत आले होते. एकटीला जमलं नसतं, ही थाप होती. नाना म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय आता?" पण लेकीनं बोलावलं म्हणून निघाले. मी आईकडून भावाचा छोटा कॅमेरा गुपचूप मागून घेतला, रुमालात थोडी ज्वारी हळद-कुंकवात कालवून बांधली आणि दोन्ही पिशवीच्या तळाशी ठेवलं.

जालन्याचं दुकान म्हणजे फोटोच्या सामानाचं. जिल्ह्यातले निम्मे स्टुडिओवाले तिथूनच रीळ आणि कागद न्यायचे. शेठ मारवाडी, पण बोलणं आमच्यासारखंच. नानांना बघून ते गल्ल्यावरून उठले. "नाना, किती दिवसांनी! तुमी तर दुकान इसरूनच गेल्ते." नाना कसंनुसं हसले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, जणू काही ते माझ्यासोबत आलेले नव्हतेच.

शेठनी काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक मोठा, भारी, हातात घेतला की विटेसारखा. दुसरा लहान, त्याच्या मानानं हलका. दोन्हींच्या पोटात आरसा, दोन्हींची लेन्स काढता येणारी. शेठ मेगापिक्सेल सांगायला लागले. मी म्हटलं, "शेठ, ते नंतर. आधी माझं एक काम करा," आणि पिशवीतून भावाचा छोटा कॅमेरा काढून नानांच्या हातात दिला.

नानांचा चेहरा उतरला. "हा कशाला आणलास?"

"शेवटचं एकदा. मी म्हणते, तुम्ही नेहमीसारखं दाबा." मी रुमाल सोडला आणि ज्वारी शेठच्या ओंजळीत ओतली. "शेठ, मी 'सावधान' म्हटलं की हे वर उडवायचं."

"ताई, दुकानात?"

"झाडून देईन."

दुकानातले गिऱ्हाईक थांबून बघायला लागले. मला गाणं येत नाही. तरी मी भर दुकानात, भर दुपारी, मंगलाष्टकाचा शेवट खड्या आवाजात म्हटला. शेठनी ज्वारी उडवली. नानांचं बोट 'धा'वर पडलं. मी त्यांच्या बोटाकडंच बघत होते, बिलकुल बराबर पडलं. फ्लॅश चमकला. आणि मग, दाणे काचेवर पडून उड्या मारायला लागल्यावर, दुसऱ्यांदा चमकला. पडद्यावर फोटो आला. शेठचे रिकामे हात आणि काचेवर ज्वारी.

नानांनी कॅमेरा खाली ठेवला. "बघितलंस? सांगून राह्यलो होतो न्हाई?"

"थांबा." मी कॅमेरा घेतला, त्यांना 'सावधान' म्हणायला लावलं, आणि दाबलं. तेच, काचेवर ज्वारी. मग शेठच्या हातात दिला. शेठनी दाबलं. तेच. मी म्हटलं, "नाना, मंग आपल्या तिघांचेबी हात एकदमच गेले का?"

शेठ हसायला लागले आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. अंधारात फ्लॅशनं डोळे लाल दिसतात, म्हणून हा कॅमेरा आधी एकदा नुसता चमकून डोळ्यांना सवय लावतो आणि फोटो दुसऱ्या चमकीला घेतो. शिवाय लेन्स आपली आपण जुळवत बसतो, त्यात वेळ जातो तो वेगळाच. पहिली चमक बघून नानांना फोटो निघाल्यासारखं वाटलं आणि त्यांनी कॅमेरा खाली घेतला. फोटो त्यानंतर निघाला. बसलेल्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. हवेतल्या ज्वारीला पडतो. शेठनी ती पहिली चमक बंद करूनही दाखवलं. उशीर थोडा कमी झाला, पण दाणे खालीच.

नानांची नजर काचेवरच्या मोठ्या कॅमेऱ्यावर गेली. मग ते स्टुलावरून उठले, तो उचलला, डोळ्याला लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हण."

मी म्हटलं. शेठनी उडवलं. आत आरसा उचलला गेल्याचा 'खट्' असा आवाज झाला, आमच्या जुन्या कॅमेऱ्यासारखाच. पडद्यावर शेठ, त्यांची उघडी ओंजळ, आणि त्यांच्या टकलाच्या वर हवेत थांबलेली लाल-पिवळी ज्वारी. दाणा न् दाणा मोजून घ्यावा असा.

"परत," नाना म्हणाले.

परत तेच आलं. "परत." मग लहान कॅमेरा घेतला. "म्हण." गिऱ्हाइकं पण आता 'सावधान' म्हणायला लागली होती. शेठ खाली सांडलेली ज्वारी गोळा करून पुन्हा उडवत होते. माझा घसा बसला. नानांचे कान लाल झाले होते. लहानपणी मी त्यांना असं एकदाच पाहिलं होतं, गावच्या कुस्तीत त्यांच्या पैलवानानं बाहेरचा पैलवान चीत केला तेव्हा. शेवटी ते शेठना म्हणाले, "हात बराबर हाय माझा." शेठ म्हणाले, "नाना, तुमच्या हाताला काय धाड भरली होती?" आणि चहा सांगितला.

त्या चहानंतर माझे नेहमीचे नाना परत आले, म्हणजे हुकूम सोडायला लागले. "मोठा घे. वजन हाय. लगनात लोकं वजन बघतात." मी म्हटलं मला लहान हवा. "ते खेळणं हाय." "खेळणं कसं? ज्वारी त्याच्यातबी हवेत आली की!" आमचं तिथंच जुंपलं. मी त्यांना सांगितलं की मी उंच नाही, मांडवाच्या गर्दीत मला एका हातानं पदर सावरत दुसऱ्या हातानं कॅमेरा डोक्यावर धरावा लागतो, ती वीट धरून माझं मनगट जाईल. ते म्हणाले, मोठ्यातून बघताना उजेड जास्त दिसतो. तेही खरं होतं, आणि मला ते कबूल करावं लागलं. शेठ मेगापिक्सेल सांगायचे सोडून आमच्याकडं बघत बसले होते.

मग नानांनी वाद मिटवण्याची त्यांची रीत काढली. "डोळे झाक," ते म्हणाले, आणि मोठा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "बटण दाब." माझं बोट चाचपडलं, पकड सरकली, मग सापडलं. त्यांनी तो काढून घेतला आणि लहान ठेवला. "दाब." बोट जागच्या जागी पडलं, खट्. त्यांनी परत करायला लावलं, पाठमोरी उभी करून, हात खाली सोडून वर घेऊन. दरवेळी बोट जिथं पडायला हवं तिथंच पडलं.

"हाच बांधून द्या," नाना शेठना म्हणाले. जाताना मी खरंच दुकान झाडून दिलं.

परतताना एसटीत कॅमेऱ्याचं खोकं नानांच्या मांडीवर होतं. वाटेत त्यांनी चौकशी न करणाऱ्यालाही ते काय आहे ते सांगितलं. नवरीच्या वडिलांना निरोप त्यांनी स्वतःच दिला, बाजार भरायच्या आधी. "जालन्याचं कुनी आनू नका. आमी हाव." पुढच्या दिवसांत ते रोज तो कॅमेरा हातात घेऊन बसायचे. फोटो काढून लगेच मागं बघायची त्यांना अजून लाजच वाटायची, पण बघायचे.

लग्न ऐन उन्हात, गावच्या शाळेच्या पटांगणात. मला वाटलं होतं की नाना पुढचं काम करतील आणि मी नेहमीसारखी बायकांत, नवरीच्या खोलीत. सकाळपासून तसंच चाललं. मारुतीला आलेला नवरदेव, भेटी, आहेर, सगळं नानांनी काढलं. परतूरच्या लग्नातले काही लोक इथंही पाहुणे होते. ते मागं उभे राहून बघतायत हे नानांना दिसत होतं. नानांनी मुद्दाम त्यांना गाठून दाखवलं. व्याह्यांच्या भेटीतला हार, गळ्यात पडायच्या आत, बोटांतून सुटलेला, मधोमध. एक जण म्हणाला, "नाना, तुमचा हात लई साफ!" नाना म्हणाले, "पयल्यापासून." मी बाजूला उभी राहून ऐकलं आणि मला इतकं भरून आलं की नवरीच्या मावशीनं मला पाणी आणून दिलं.

अंतरपाट धरला गेला. वाटीतून अक्षता वाटल्या गेल्या. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नाना गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांनी गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"आता तू."

मी घाबरले. "नाना, हे नको. हा फोटो तुमचा आहे. हिच्या आईबापाचा तुम्हीच काढला होता."

"काढला होता. आता तू काढ."

"चुकला तर?"

"तुझं न्हाई चुकत," ते म्हणाले. मागं सरताना कुणी तरी त्यांच्या हातात अक्षतांची मूठ दिली. ते त्या मुठीकडं बघत राहिले. तेव्हा मला कळलं की या माणसानं आयुष्यभरात एकाही लग्नात अक्षता टाकलेल्या नव्हत्या. हात रिकामा कधी नव्हताच. माझ्या लग्नात ते समोर होते, पण एका डोळ्याला कॅमेरा लावून.

मी मदतनिसाची जागा सोडून नवरा-नवरीच्या समोर गेले. खुर्चीवर चढले. एका हातानं पदर, एका हातानं कॅमेरा. बँडवाला काठ्या उगारून थांबला होता. शेवटचं कडवं लांबत गेलं, लोकांच्या मुठी वर आल्या, मी डोळे बारीक केले आणि कान उघडे ठेवले. 'धा'वर दाबलं.

खाली उतरून बघायची हिंमत होईना. नवरीचे वडीलच आधी वाकून बघायला लागले आणि ओरडले, "आरं, बघा बघा, अक्षता हवेत हायत!" मग सगळा गराडा. नाना आले, लोकांना बाजूला करत, आणि कॅमेरा माझ्या हातातून न घेता तसाच वाकून पाहू लागले. मीही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

लाल-पिवळ्या दाण्यांनी सगळं भरून गेलं होतं. नवरी मान खाली घालून हसत होती. तिच्या मागं माणसांच्या रांगाच रांगा, सगळे तिच्याकडं बघणारे, सगळ्यांचे हात उघडे. फक्त उजवीकडं दुसऱ्या रांगेत एक माणूस नवरीकडं बघत नव्हता. तो खुर्चीवर उभ्या असलेल्या माझ्याकडं बघत होता, आणि अक्षतांची मूठ त्याच्या हातात तशीच मिटलेली होती.